वाढत्या मापाची सायकल

आमची मुलगी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात परिचारिका आहे. जावईबापू तिथेच एका गोदामात रात्रपाळी करतात. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे जाऊन आलो. परतल्यावर वस्तीतले लोक विचारू लागले, "काय काय पाहिलंत?" त्यांना राजवाडे आणि राणीची गोष्ट ऐकायची असते. आम्ही राजवाडा पाहिला नाही. आम्ही दोन दिवस एका डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या उभ्या करायच्या मैदानात, नातीच्या सायकलीपाशी पाने घेऊन बसलो होतो. तेच येथे सांगत आहोत.

घरात पाऊल टाकले तेव्हा दारामागे ती सायकल उभी होती. आम्हांला आधी ती मोटारसायकलच वाटली. पुढचा चिमटा मोटारसायकलसारखा जाड, दोन्ही बाजूंनी हँडलच्या वरपर्यंत आलेला. मागे जाडजूड स्प्रिंगचा शॉकअप. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. नात तेरा वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट, वजन ४२ किलो. ती शेजारी उभी राहिली की सायकलच थोरली बहीण वाटायची.

या खेळाला डाउनहिल म्हणतात. सायकल पायडल मारून डोंगरावर न्यायची नाही. पाळण्यातून किंवा गाडीतून वर न्यायची आणि दगडधोंडे, मुळ्या, चिखल यांमधून खाली सोडायची. सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण घड्याळ लावून सुटतो, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो पहिला. नवी सायकल घ्यायची तर आपल्याकडच्या दोन-तीन मोटारसायकलींचे पैसे पडतात. जावईबापूंनी ओव्हरटाइमचे पैसे साठवून ही जुनी घेतली होती. आधीचा मालक ऐंशी किलोचा उंचापुरा गडी. सायकल मोठी होती, पण भाव बरा होता, आणि पोर वाढत्या अंगाची. आणखी दोन-तीन वर्षे तरी दुसरी बघायला नको, असा हिशोब.

हा हिशोब आम्हांला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात शाळेचा फ्रॉक कधी मापाचा शिवला गेला नाही. सहचारिणी शिवणकाम करायच्या, तरीही. खाली चार बोटे दुमड ठेवायची आणि दरवर्षी एक-एक उसवायची. कॅनव्हासचे बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा. मुलगी पाचवीत असताना शाळेच्या शर्यतीत धावता धावता तिचा बूट निघून मागे राहिला. ती एका बुटावर धावली आणि शेवटून दुसरी आली. आम्ही घरी हसलो होतो. ती हसली नव्हती, हे आम्हांला ग्लासगोच्या त्या दाराशी उभे असताना आठवले.

नातीचे काही ठीक चालले नव्हते. एप्रिल-मे मध्ये ती जवळच्या टेकडीवर तीनदा पडली होती. तळहात आणि मनगटे दुखायची, रात्री आई शेकून द्यायची. पहिली शर्यत जुलैत होती. जावईबापू वाईट स्वभावाचे नाहीत, पण थकून आलेला माणूस बोलून जातो. "घाबरते ती. ब्रेक सोडतच नाही. धीरच नाही," असे ते तिच्यादेखत म्हणाले. पोर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आजीजवळ म्हणाली, "मला नाही करायचं आता." मग दोन दिवसांची सुटी काढून सगळ्यांनी फोर्ट विल्यमला जायचे ठरले. तिथे जरा सराव होईल, आणि नाहीच जमले तर सायकल विकून टाकू, असे बोलणे झाले.

ग्लासगोहून फोर्ट विल्यम सुमारे १७० किलोमीटर. लॉक लोमंड या लांबलचक सरोवराच्या काठाने रस्ता जातो, मग रॅनॉकचे ओसाड पाणथळ माळरान लागते आणि पुढे ग्लेन्को ही खोल दरी. दोन्ही बाजूंना झाडे नसलेले हिरवे-काळे डोंगर आणि त्यांवरून उतरणारे पाण्याचे पांढरे धागे. श्रावणातला माळशेज घाट आठवला. फक्त तिथे भाजलेल्या कणसाची गाडी कुठे दिसली नाही. १६९२ साली याच दरीत सरकारी सैनिकांनी, ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले त्याच लोकांना पहाटे कापून काढले होते. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मुलीने ती हकिकत सांगितली, तेव्हा पाऊस पडत होता आणि कोणाला डबा उघडावासा वाटेना.

फोर्ट विल्यम हे लॉक लिनी या खाडीच्या काठचे छोटे गाव आहे. मागे बेन नेव्हिस, ब्रिटनमधील सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. त्याचे डोके आम्हांला दोन दिवसांत एकदाही दिसले नाही, ढगातच होते. गावाच्या बाजूला डोंगरावरून जाडजूड नळ उतरलेले दिसतात. त्यांच्या पाण्यावर वीज करून ॲल्युमिनियम गाळायचा कारखाना येथे १९२९ मध्ये सुरू झाला. पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे चोवीस किलोमीटर बोगदा खणून आणले आहे. बोगदा कोणी खणला असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नातीच्या सायकलीचा सांगाडाही ॲल्युमिनियमचाच, त्यामुळे त्या नळांकडे आम्ही जरा जास्तच वेळ पाहत राहिलो.

गावापासून थोडे पुढे ऑनॉक मोर नावाचा डोंगर आहे. त्यावर १९८९ पासून पाळणे चालतात. हिवाळ्यात बर्फावर घसरणारे लोक आणि उन्हाळ्यात सायकलवाले त्यांतून वर जातात. सायकल पाळण्याच्या बाहेर अडकवतात, माणूस आत बसतो. जागतिक मालिकेची डाउनहिल शर्यत येथे पहिल्यांदा २००२ मध्ये झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही येथे दोनदा झाली, २००७ आणि २०२३ मध्ये. मार्ग पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि उतार साडेपाचशे मीटरचा. वर उघडा खडक आणि दलदल, मध्ये झाडी, शेवटी मोठमोठ्या उड्या. २०२३ मध्ये चार्ली हॅटन या ब्रिटिश खेळाडूने तो साडेचार मिनिटांच्या आत उतरून पुरुषांचे अजिंक्यपद मिळवले. वरून खाली यायला आमच्या पाळण्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

त्या मार्गावर नातीला पाठवायचा प्रश्नच नव्हता. बाजूला सोपे मार्ग आहेत, निळ्या, लाल, काळ्या खुणांनी अवघडपणा दाखवलेला असतो. पहिल्या सकाळी ती निळ्या खुणेच्या मार्गाने एकदा खाली आली. चेहरा पांढरा, बोटे आखडलेली. हातमोजे काढताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटे सरळ होईनात.

आम्ही म्हणालो, "हात दाखव. आता मूठ पकड आणि ब्रेक दाब."

ब्रेकची लिव्हर तिच्या बोटांच्या आवाक्यातच नव्हती. मूठ निम्मी सोडून, हात पुढे सरकवून दोन बोटे ताणली तेव्हा कुठे लिव्हरचे टोक हाती लागले. म्हणजे ब्रेक धरायचा तर हँडल सुटते, आणि हँडल धरायचे तर ब्रेक सुटतो. अशा स्थितीत खडकावरून खाली येणारे पोर ब्रेक कसा सोडील? एकदा सुटला तर परत सापडेल याची खात्री नाही. "धीर नाही" तो हाच. जावईबापू तिच्या हाताकडे बघत उभे राहिले. त्यांच्या हाताला ती लिव्हर बरोबर बसत होती, म्हणून त्यांना कधी दिसलेच नाही.

आम्ही रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होतो, चौतीस वर्षे. डब्यांच्या स्प्रिंगा आणि तेलाचे डॅशपॉट यांतच आयुष्य गेले. या सायकलीत नवलाचे फार काही नव्हते. डब्यालाही स्प्रिंग भार घेते आणि तेल तिची उसळी मारते. फरक इतकाच, की डब्याची स्प्रिंग बसवण्याआधी आम्ही ती भाराखाली दाबून उंची मोजायचो, गट पाडायचो आणि एका बोगीला एकाच गटाच्या स्प्रिंगा लावायचो. येथे ऐंशी किलोच्या माणसाची स्प्रिंग बेचाळीस किलोच्या पोरीला लावली होती आणि कोणी मोजले नव्हते.

शेजारी ताडपत्रीखाली एक बाई आपल्या मुलाची सायकल धूत होत्या. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, चार वर्षे शर्यती करतो. आमची खटपट पाहून त्या आपणहून हत्यारांची पेटी घेऊन आल्या. भाषा आम्हांला अर्धी कळत होती, पण पाना कोणत्याही भाषेत पानाच असतो. मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचे सांगत होती.

मोजमाप सहचारिणींच्या टेपनेच झाले. त्यांच्या पिशवीत शिवणाचा टेप कायम असतो, परदेशातसुद्धा. नातीने हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाठीचे कवच, सगळे घातले, कारण वजन त्यासकट धरायचे असते. ते सुमारे ४८ किलो भरले. ती पायडलवर उभी राहिली, दोघांनी सायकल सरळ धरली, आणि मागचा शॉकअप किती दबला ते पाहिले. या शॉकअपची चाल ७५ मिलिमीटर. त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी, म्हणजे बावीस-तेवीस मिलिमीटर, माणूस उभा राहिल्याबरोबर दबली पाहिजे. म्हणजे चाक खड्ड्यात खालीही जाते आणि दगडावर वरही येते. दबली तेरा. जावईबापूंनी स्प्रिंगवरची आट्यांची कडी सैल करून ती मऊ करायचा प्रयत्न केला होता. तसे होत नाही. कडीने स्प्रिंग मऊ होत नाही, नुसती खुळखुळते. मऊ हवी तर स्प्रिंगच बदलावी लागते.

तिच्यावर ४५० आकडा कोरलेला होता. बाईंच्या गाडीत मुलाच्या लहानपणीची २७५ ची पडून होती. ती त्यांनी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. शॉकअप उतरवला, कडी सोडली, जुनी काढून नवी घातली, कडी स्प्रिंगला टेकल्यावर एक फेरा दिला. पुन्हा टेप. एकवीस. आम्ही म्हणालो चालेल, बाईही म्हणाल्या चालेल.

पुढच्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी हवा असते. खास पंप लावून ती कमी केली, दोनशे मिलिमीटरच्या चालीपैकी चाळीस दबेपर्यंत. चिमट्याच्या नळीवर रबराची एक बारीक कडी असते, ती किती सरकली त्यावरून कळते.

नंतर उसळीचा खटका. येथे बाईंनी आम्हांला एक गोष्ट शिकवली, म्हणजे माहीत होती पण लक्षात आली नसती. स्प्रिंग मऊ केली की तिचा परत येण्याचा जोरही कमी होतो. तेलाचा अडथळा आधीच्या जड माणसाचाच ठेवला तर चाक फार हळू परत येते. एका दगडावर दबले, परत यायच्या आत दुसरा दगड, मग तिसरा. अशाने शॉकअप दबलेलाच राहतो आणि सायकल लाकडासारखी होते. पोरीची मनगटे रात्री का शेकावी लागत होती, ते आता कळले. खटके मोजून मोकळे केले, एका वेळी दोन, आणि प्रत्येक वेळी नातीला त्याच छोट्या उतारावरून पाठवले. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. नातीने शाळेच्या वहीचे मागचे पान उघडून तारीख घातली आणि आकडे लिहायला सुरुवात केली.

टायरमधली हवा २८ पौंड होती. ती २० वर आणली. हलक्या माणसाच्या टायरला तेवढी पुरते आणि ओल्या मुळीवर चाक धरून राहते. ब्रेकच्या लिव्हरला ॲलन कीचा बारीक स्क्रू असतो. तो फिरवून लिव्हर मुठीच्या जवळ आणली आणि ब्रॅकेट आत सरकवले, तर्जनीचे पहिले पेर टोकावर बसेपर्यंत. एका बोटाने ब्रेक, तीन बोटांनी आणि अंगठ्याने हँडल. हे काम पाच मिनिटांचे आणि फुकटाचे. तीन महिन्यांत ते झाले नव्हते, याची खंत जावईबापूंच्या तोंडावर दिसत होती. आम्ही काही बोललो नाही. कापूस कोंबलेले बूट आम्हांलाही आठवत होते.

बोल्ट आवळताना आम्ही हाताच्या अंदाजाने आवळले. बाईंनी मान हलवली आणि मोजणारा पाना पुढे केला. हँडलच्या पकडीवर ५ न्यूटन-मीटर छापले होते, आम्ही त्याहून पुष्कळ जास्त आवळले होते. चौतीस वर्षांचा हात, पण लोखंडाचा. ॲल्युमिनियमचा नव्हे.

राहिले हँडल. ते ८०० मिलिमीटर रुंद होते. नात त्यावर हात पसरून उभी राहिली की कोपर सरळ ताणले जायचे, मग वळणार कशाने? बाई म्हणाल्या, आधी कापू नका. मुठी आणि ब्रेक दोन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस मिलिमीटर आत सरकवा, टोके तशीच बाहेर राहू द्या, एक फेरी मारून बघा. फेरी झाली. नात म्हणाली, असंच पाहिजे. उघडी टोके झाडाला अडकतील म्हणून तिला परत वर सोडले नाही.

संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणात हॅक्सॉ हातात घेतली तेव्हा जावईबापू म्हणाले, "बाबा, कापलं की परत जोडता येत नाही. विकताना कोण घेणार?"

खोटे नव्हते ते. पैसे त्यांचे होते आणि रात्री जागून मिळवलेले होते. आम्ही हॅक्सॉ खाली ठेवली. तेव्हा सहचारिणी, ज्या दिवसभर फक्त टेप धरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "जावईबापू, सायकल पोरीला आणली की पुढच्या गिऱ्हाइकाला?" आणि थोडे थांबून मुलीकडे पाहून म्हणाल्या, "आम्ही हिला सगळं वाढत्या मापाचंच घातलं. कपड्याचं चालून जातं. पळायचं असलं की नाही चालत."

मुलगी स्वयंपाकघरात निघून गेली. जावईबापूंनी हँडल स्वतःच्या हाताने धरले आणि म्हणाले, "कापा."

ॲल्युमिनियम मऊ असते, दोन्ही तुकडे दहा मिनिटांत पडले. कानशीने कडा साफ केल्या, टोपणे बसवली. त्या रात्री अंगणात मिज नावाच्या चिलटांनी सगळ्यांना फोडून काढले. आपले डास निदान गुणगुणून येतात.

हेल्मेटचेही तसेच निघाले. तोंड पूर्ण झाकणारे ते हेल्मेट एक नंबर मोठे होते. सहचारिणींनी हनुवटीला धरून हलवले तर डोके स्थिर आणि हेल्मेट तेवढे फिरले. या खेळात ते गाल दाबून घट्ट बसले पाहिजे. पायथ्याच्या दुकानातून दुसऱ्या सकाळी मापाचे घेतले. त्या महिन्याचा बराचसा ओव्हरटाइम त्यात गेला. गुडघ्याच्या पॅडांचे पट्टे सहचारिणींनी सुई-दोऱ्याने तिथेच आखूड करून दिले. पायडलचे क्रँक थोडे लांब होते, ते तसेच राहिले, त्याला पैसे नव्हते. सांगाडाही एक माप मोठाच आहे. तो कोणत्या कानशीने लहान होणार?

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. आम्ही उभयता पाळण्यात बसून वर गेलो. खाली शर्यतीचा मार्ग दिसतो, तपकिरी चरा ओढल्यासारखा. मुलीने रेचल अ‍ॅथर्टन या ब्रिटिश बाईंबद्दल सांगितले. २०१६ मध्ये त्यांनी जागतिक मालिकेची एकूणएक शर्यत जिंकली, वर त्याच वर्षीचे जागतिक अजिंक्यपदही. पुढे मूल झाल्यानंतर २०२३ मध्ये परत येऊन पुन्हा जिंकल्या. सहचारिणींनी मूल किती वर्षांचे ते विचारले. बाकीचे आकडे त्यांना फारसे महत्त्वाचे वाटले नाहीत.

नात वरून सुटली तेव्हा आम्ही कठड्याशी उभे होतो. पहिल्या वळणापर्यंत दिसली, कोपरे वाकलेली, बुड मागे, मग खडकाआड गेली. नंतर नुसता चेनचा आवाज. खाली जाईपर्यंत आमचा जीव काही ठिकाणावर नव्हता, हे कबूल केले पाहिजे. सायकल कितीही मापाची केली तरी डोंगर मापाचा होत नाही.

पायथ्याशी ती चिखलाने माखून उभी होती. एकदा घसरली होती, ढोपर हिरवे झाले होते. हातमोजे काढून तिने दोन्ही हात आमच्यासमोर धरले आणि बोटे उघडून मिटून दाखवली. त्या दिवशी ती नऊ वेळा वर गेली. दहाव्यांदा पाळणे बंद झाले म्हणून थांबली. जावईबापूंनी सायकल धुतली, तिच्या वहीतले आकडे वाचले आणि तिलाच विचारले, "मागे आणखी एक खटका सोडायचा का?"

शर्यत आम्ही परतल्यावर झाली. फोनवर आम्ही विचारले, कितवी आलीस? ती सांगू लागली की पाऊस होता, मागच्या चाकात दोन पौंड हवा जास्त झाली होती, पुढच्या वेळी अठरा ठेवणार. मग फोन आईने घेतला. सात जणींत चौथी.

हँडलचे कापलेले दोन तुकडे सहचारिणींनी सामानातून आणले आहेत. शिवणयंत्राच्या खणात, एकात सुया ठेवतात, एकात खडू. ते मोठे हेल्मेट जावईबापूंनी अजून विकलेले नाही. कपाटावर ठेवले आहे. दोन वर्षांनी होईल म्हणतात.